आप्पांची मंजुरी बाकी आहे

पेढे घ्यावेत की न घ्यावेत, या विचारात सत्यजीत टिपणीस मिठाईच्या दुकानासमोर बराच वेळ उभा होता. एडिटर चालू झाला तर पेढे वाटायचे. नाही झाला तर तेच पेढे दुःखात खायचे. म्हणजे लागणार दोन्हीकडून, असा शेवटी त्याने निकाल दिला आणि पाव किलो बांधून घेतले. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर होतं. पनवेलच्या त्या गल्लीत दुपारी सावली मिळवायला रिक्षाच्या मागे मागे चालावं लागतं, तसा तो चालत ऑफिसात आला.

ऑफिस म्हणजे कचेरीमागच्या गल्लीतला तळमजल्यावरचा एक गाळा. दारावर पाटी ‘दी. वा. टिपणीस, दस्तलेखक’. हे दीनानाथ टिपणीस म्हणजे सत्यजीतचे वडील, साऱ्या तालुक्याचे आप्पा. ते जाऊन दोन वर्षं झाली होती, पण पाटीला कुणी ते सांगितलं नव्हतं. सत्यजीतने पन्नाशी ओलांडली होती, डोक्यावरचे केस वडिलांच्या आधीच गेले होते, तरी गावाला तो अजून ‘आप्पांचा मुलगा’च होता. त्याला एकच हवं होतं. त्या पाटीवर आपलं नाव.

त्यासाठी त्याने दोन गोष्टी योजल्या होत्या. पहिली, गाळा आपल्या एकट्याच्या नावावर करून घ्यायचा. वडिलांमागे तो त्याच्या आणि धाकट्या बहिणीच्या, मनिषाच्या नावावर आला होता. मनिषा खारघरला असते, नोकरी करते, तिला गाळ्याचं काहीच पडलेलं नव्हतं. ‘मी सोडते हक्क, तू कागद कर,’ असं ती फोनवर कुकरची शिट्टी होईपर्यंतच्या वेळात म्हणाली होती. आज ती मसुदा घ्यायला यायची होती.

दुसरी गोष्ट म्हणजे हा एडिटर.

आजवर ऑफिसचं काम असं चाले. कुमुदताई मसुदा टाइप करत. आप्पांच्या वेळेपासून त्या इथे होत्या, सत्यजीतला त्यांनी अर्ध्या चड्डीत पाहिलेलं होतं आणि हे त्या त्याला विसरू देत नसत. मसुद्याच्या फायलींना नावं असत ‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘हेच फायनल’ आणि ‘हे नाही ते’. पक्षकाराच्या हातात नेमकं ‘हे नाही ते’ पडे. त्यावर उपाय म्हणून सत्यजीतने प्रणित घरत नावाच्या सॉफ्टवेअरवाल्याला गाठलं. प्रणित कोनचा. स्वतःची छोटी कंपनी काढलेली, बोलणं शहरी, पण चिडला की गावचा ‘नाय’ बाहेर पडे. त्याने ब्राउझरमध्ये चालणारं एक अ‍ॅप्लिकेशन बनवलं. त्यात पक्षकार, तारखा, कागद सगळं एका जागी, आणि कागदावर टिचकी मारली की त्याच पानात लिहायचा एडिटर उघडावा. मसुदा एकच, तो सगळ्यांनी एकत्र बघायचा, कोण कुठे लिहितोय ते ज्याच्या त्याच्या नावाच्या रंगीत कर्सरवरून दिसायचं.

असं ठरलं होतं. प्रत्यक्षात त्या जागी एक पांढरा चौकोन यायचा, आणि चौकोनाच्या मध्ये एक चकती गरगर फिरायची. आठवडाभर ती फिरत होती.

“झालं?” पेढ्यांचा पुडा मागे लपवत सत्यजीतने विचारलं.

“होतंय,” लॅपटॉपमधून डोकं न काढता प्रणित म्हणाला.

“सकाळपासून होतंय,” कुमुदताई म्हणाल्या. “एवढ्या वेळात आप्पांनी आख्खं खरेदीखत हातानं लिहून वर तपकीर ओढली असती.”

“ताई, एडिटर चालतोय. अ‍ॅप्लिकेशन पण चालतंय. फक्त दोघांचं एकमेकांशी पटत नाय.”

“मग हे लग्न जमवलं कुणी?”

प्रणितने प्रोग्रामची खिडकी उघडली. तो ओळींवर ओळी वाचत होता. मग एकदम खुर्चीत मागे रेलला आणि कपाळाला हात लावून हसायला लागला.

झालं होतं ते असं. कागद कुठे ठेवलाय हे अ‍ॅप्लिकेशनने एडिटरला सांगायचं असतं. अ‍ॅप्लिकेशन म्हणत होतं, ‘घरी ठेवलाय.’ आता एडिटर राहतो आपल्या वेगळ्या खोलीत. तो बिचारा स्वतःच्याच घरी कागद शोधत होता, सापडत नव्हता, आणि न सापडल्याचं सांगायची लाज वाटून चकती फिरवत बसला होता. प्रणितने ‘घरी’च्या जागी पुरता पत्ता लिहिला. चकती थांबली. पांढऱ्या चौकोनात अक्षरं उमटली, स्वच्छ, काळीभोर.

हक्कसोडपत्र. लिहून देणार, मनिषा. लिहून घेणार, सत्यजीत दीनानाथ टिपणीस.

कुमुदताईंनी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं. ते बटणांच्या फटीत जाऊ नये म्हणून प्रणितने मध्ये हात घातला, तर त्याच्या मनगटाला लागलं. पेढ्यांचा पुडा फुटला. नेमकी त्याच वेळी मनिषा दारात आली.

“कुणाचं बारसं?” तिने पेढा उचलत विचारलं. “दादा, लवकर दे रे काय ते. हेतलला क्लासला सोडायचंय.” हेतल म्हणजे तिची मुलगी.

“प्रिंट काढायची फक्त,” सत्यजीत म्हणाला आणि मोठ्या थाटात त्याने बटणावर टिचकी मारली.

काहीच झालं नाही. बटण राखाडी होतं. त्याच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘आप्पांची मंजुरी बाकी आहे.’

सगळे वाकून ते वाचत राहिले.

“हे काय आहे?” सत्यजीतने विचारलं.

“अप्रूव्हल,” प्रणित म्हणाला. “मी फोनवर विचारलं होतं ना, तुमच्याकडे मसुदा शेवटी पास कोण करतं. ताई म्हणाल्या, आप्पा. त्यांनी पाहिल्याशिवाय कागद बाहेर जात नाही. मग मी तसंच बसवलं. त्यांचं लॉगिन केलंय, सगळ्यात वरचे अधिकार दिलेत. त्यांना फक्त ‘पाहिले’वर टिचकी मारायला सांगा.”

मग मनिषाने भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर आप्पा होते. काळी टोपी, जाड चष्मा, आणि फोटोला चंदनाचा हार.

प्रणितच्या हातातला पेढा हातातच राहिला. “मला वाटलं, ते घरून काम करतात.”

मनिषाला हसू आवरेना. कुमुदताई मात्र मुळीच ओशाळल्या नाहीत. “खोटं काय सांगितलं मी? मसुदा झाला की मी फोटोसमोर ठेवते. माझा चहा होईस्तोवर. मग वर ‘पाहिले’चा शिक्का मारते. दोन वर्षांत एक तरी कागद परत आला का?”

हे खरं होतं, आणि सत्यजीतचं खरं दुखणंही तेच होतं. वडील जिवंत असताना त्याचा एकही मसुदा पहिल्या फटक्यात पास झाला नव्हता, आणि गेल्यावरही तो फोटोकडूनच पास व्हायचा. त्या फोटोच्या तावडीतून सुटायला त्याने एवढा खटाटोप केला, तर फोटो अ‍ॅप्लिकेशनमध्ये जाऊन बसला होता, आणि तोही सगळ्यात वरचे अधिकार घेऊन.

“काढून टाक ते,” तो म्हणाला.

“लगेच काढतो,” प्रणित म्हणाला, आणि तेवढ्यात वीज गेली.

पंखा दोन-चार गरके मारून थांबला. गाळ्याला खिडकी एकच, तीही मागच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी. भर दुपारी आत करडा अंधार उतरला. बाहेर एक रिक्षा कुठेतरी लांब पों-पों करत होती, तीही गप्प झाली. लॅपटॉपचा तेवढा चौकोन उजळ राहिला आणि त्याच्या उजेडात चौघांचे चेहरे पेढ्यांच्या रंगाचे दिसायला लागले.

मग वास आला. आधी अगदी अंधूक, जुनं कपाट उघडल्यासारखा. मग नाकाला झोंबणारा. तपकिरीचा.

“कुमुदताई...” मनिषा म्हणाली.

“मी नाही गं ओढत.”

“सर,” प्रणितचा आवाज बसला होता. “सर, इकडे बघा.”

मसुद्याच्या पहिल्या ओळीवर एक कर्सर उभा होता. सत्यजीतचा हिरवा, तो खाली होता. हा दुसरा, तपकिरी. त्याला चिकटलेल्या लहानशा पट्टीवर नाव होतं, दीनानाथ टिपणीस.

“कुमुदताईंच्या कॉम्प्युटरवरून आलं असेल,” सत्यजीत म्हणाला.

“वीज गेलीये, सर. तो बंद आहे. राउटर पण बंद आहे.” प्रणितने खुर्ची थोडी मागे सरकवली. “हे सगळं आत्ता माझ्या लॅपटॉपच्या आतच चाललंय. बाहेरून कुणी येऊच शकत नाय.”

कर्सर हलला. माणसं टिचकी मारून उड्या मारतात, तसा नाही. ओळीखालून बोट फिरवत जावं तसा, शब्दाशब्दाला थांबत. ओळ संपली की दुसरी. चिन्ह चुकलं होतं तिथे त्याने स्वल्पविराम घातला. मनिषाच्या पत्त्यातला पिनकोड दुरुस्त केला. सत्यजीतच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ही सवय त्याला पाठ होती. शेजारी उभं राहून, हात मागे बांधून, पुढची चूक कुठे निघते याची वाट बघत त्याने अर्धं आयुष्य काढलं होतं.

कर्सर शेवटच्या परिच्छेदात आला. ‘सदरहू हक्कसोडपत्र मी स्वतः वाचून, समजून, राजीखुशीने लिहून दिले आहे.’ तिथे थांबला. ‘वाचून’ या शब्दामागे पिवळा रंग पसरला आणि समासात एक टीप उघडली. अक्षरं एकेक करून उमटत होती, सावकाश.

वाचून दाखवले का?

कुमुदताईंनी पदर तोंडाला लावला. “हेच विचारायचे,” त्या पुटपुटल्या. “हक्कसोड असलं की हेच. भावाला बाहेर रस्त्यावर उभं करायचे, आणि बाईला समोर बसवून सगळं स्वतः वाचून दाखवायचे... तिच्या भाषेत. मग सही.”

“दादा,” मनिषा हळूच म्हणाली. हसू तिच्या तोंडावर राहिलं होतं, पण आता ते विसरून राहिल्यासारखं. “वाच ना.”

“अगं, तुला क्लासला...”

“वाच.”

सत्यजीत वाचायला लागला. आवाज आधी नेहमीचा निघाला, कचेरीतला, घरंगळणारा. कर्सर त्याच्याबरोबर चालला होता. तो भरभर गेला तर कर्सर मागे राही, आणि मग त्याला थांबावं लागे. गाळ्याचं वर्णन झालं. चतुःसीमा झाल्या. आणि मग ती ओळ आली, जी त्यानेच लिहिली होती आणि लिहिताना नीट वाचली नव्हती, किंवा नीट वाचली होती म्हणूनच घाईने लिहिली होती.

“...तसेच मौजे कोन येथील मोकळी जागा, व वडिलांच्या नावे असलेल्या इतर सर्व स्थावर मिळकती यांवरील माझा...” तो अडखळला. “...यांवरील माझा हक्क, हितसंबंध मी कायमचा सोडून देत आहे.”

“कोनची जागा पण?” मनिषाने विचारलं. तिचा आवाज वाढला नव्हता. “तू गाळा म्हणाला होतास.”

“तो साचा असतो गं. सगळ्या हक्कसोडांत असतो.”

“‘मौजे कोन’ असतं सगळ्यांत?”

प्रणितने जमिनीकडे पाहिलं. तो कोनचा होता. द्रुतगती मार्गाजवळच्या जागेला आज काय भाव आहे, हे आपल्याला कुणी विचारू नये, असं त्याला वाटत होतं. कुमुदताई सत्यजीतकडे बघत होत्या, अर्ध्या चड्डीतल्या मुलाकडे बघावं तशा.

समोर कर्सर उघडझाप करत होता. घाई नव्हती त्याला. तपकिरीचा वास इतका दाटला होता की आता पाठीमागून शिंक ऐकू येईल असं सत्यजीतला वाटलं. त्याने वळून पाहिलं नाही. पाटी गेली, गाळा गेला, आणि बहीणही गेली, असा त्याने मनात हिशेब मांडला. बहीण गेल्यावर पाटी कुणाला दाखवायची, हे त्याला सुचेना.

“मने,” तो म्हणाला, “चुकून नाही लिहिलं मी ते.”

“ते कळलं मला.”

त्याने ती ओळ निवडली आणि पुसली. ‘मौजे कोन’पासून ‘सर्व स्थावर मिळकती’पर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, या वेळी हळू, रोजच्या बोलण्यातल्या भाषेत. गाळा मी घेतोय. तू त्यावरचा हक्क सोडतेस. बाकी जे काही आहे त्यात तुझा वाटा आहे तसाच राहतो. कळलं का? कळलं, मनिषा म्हणाली. नको असेल तर नाही म्हण. “गाळा घे रे बाबा,” ती म्हणाली, “तिथे बसून मला काय खरेदीखतं लिहायचीयेत?” आणि तिने दुसरा पेढा घेतला.

पंखा कुरकुरला आणि फिरायला लागला. गल्लीत रिक्षा पुन्हा पों-पों करू लागली. वास गेला. तपकिरी कर्सर नव्हता. समासातली टीप नव्हती. राखाडी बटण हिरवं झालं होतं, आणि त्याच्या खाली लिहिलेलं होतं, ‘पाहिले. दी. वा. टि.’

कपाळ पुसत प्रणित म्हणाला, “जुनं काहीतरी साठून राहिलं असेल. कॅश.”

“असेल हो,” कुमुदताई म्हणाल्या. “पिनकोड पण कॅशनंच दुरुस्त केला असेल.”

प्रिंट निघाली. मनिषाने ती पर्समध्ये घातली, उद्या रजिस्ट्रारकडे भेटू म्हणाली, दारातून परत आली, फोटोला नमस्कार केला, भावाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि गेली. सत्यजीतला तो धपाटा फार बरा वाटला. आयुष्यात पहिल्यांदा आपला मसुदा खऱ्या अर्थाने पास झाला, असं त्याला वाटलं. दुसऱ्यांदा लिहावा लागला, पण झाला.

त्याच्या अंगात उत्साह संचारला. “आता मंजुरी कुणाची ठेवायची?” प्रणितने विचारलं.

“माझी,” सत्यजीत म्हणाला. “मी वाचून दाखवीन आणि मीच ‘पाहिले’ करीन. आप्पांना मोकळं कर.”

प्रणितने आप्पांचं लॉगिन काढून टाकलं. काढू का, असं अ‍ॅप्लिकेशनने एकदा विचारलं आणि निमूटपणे काढलं. आता यादीत सत्यजीत, कुमुदताई आणि स्वतः प्रणित, एवढीच नावं राहिली. कुमुदताईंनी चहा ठेवला. सत्यजीतने त्या आटोपशीर यादीकडे समाधानाने पाहिलं आणि नव्या पाटीचं अक्षर कसलं असावं, पितळी की रंगवलेलं, यावर तो बोलू लागला.

“सर, तुमच्याकडे एक कागद आलाय मंजुरीला,” प्रणित म्हणाला.

“एवढ्यात? कुणी पाठवला?”

“तेच बघतोय.”

सत्यजीतने कागद उघडला. पांढरा चौकोन आला, चकती नाही, काही नाही. कोपऱ्यात, कोण कोण बघतंय ते दाखवणाऱ्या जागी, त्याच्या ‘स’च्या शेजारी एक गोल होता. त्यात ‘मा’. कोऱ्या पानावर कर्सर उभा होता आणि त्याच्या पट्टीवर नाव होतं, मालू.

“कोण मालू?” सत्यजीतने विचारलं.

“असं कुणी नाय आपल्याकडे.” प्रणितने पुन्हा यादी उघडून पाहिली. “नायच आहे.”

पानाच्या तळाशी अक्षरं उमटायला लागली.

मना पन वाचून दाव रं, बाला. तवा कुनी वाचलाच नाय.

प्रणितने हात मागे घेतला. “आमची आजी... अशी बोलायची,” तो म्हणाला.

मग पान वरून भरू लागलं, जुन्या वळणाच्या भाषेत, एकेक ओळ. हक्कसोडपत्र. लिहून देणार मालू, राहणार मोरा, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. कोपऱ्यात ‘मा’च्या शेजारी आणखी एक गोल आला. त्याच्या शेजारी आणखी एक. गोल अंग चोरून बसत होते, बाकड्यावर बायका सरकून जागा देतात तसे, आणि पुढचे मावेनासे झाले.

चहाचे कप घेऊन कुमुदताई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं. घाबरायला त्यांना थोडा वेळ लागला आणि सावरायला त्याहून कमी.

“माझ्या आधीचे कागद हे. तेव्हा आप्पा वाचून दाखवत नसत. बसायला सांग त्यांना,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “एकेकीचं घे. घाई करू नको.”

सत्यजीतने घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. सावकाश, रोजच्या भाषेत, जमेल तितकी तिच्या बोलीत. ओळ संपली की कर्सर पुढच्या ओळीवर जाऊन वाट बघत होता. सगळ्यात खाली, दस्तलेखकाच्या जागी, असायला हवं ते आप्पांचं नाव नव्हतं. ‘सत्यजीत दीनानाथ टिपणीस’ असं तिथे ठळक, सुंदर अक्षरांत लिहिलेलं होतं. आणि शेजारची तारीख त्याचा जन्म व्हायच्या आधीची होती.